त्याच्याकडे बॉल येतच नाही

कॉलेजात असताना मी त्याच्यापेक्षा जोरात पळायचो. हे वाक्य मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढे ते सिद्ध करायची संधी मला मिळाली आणि तिचं मी काय केलं ते तुम्ही वाचणारच आहात.

तो म्हणजे माझा मित्र; आम्ही दोघं नांदुऱ्याचे. त्याच्या वडिलांची बसस्टँडजवळ फळांची गाडी. उन्हाळ्यात टरबुजांचा टेम्पो आला की एकाने वर उभं राहून टरबूज फेकायचं आणि खालच्याने झेलायचं. सुरुवातीला मी खाली होतो. पहिल्याच दिवशी एक टरबूज माझ्या हातातून निसटून एका मास्तरांच्या पांढऱ्या पँटवर फुटलं. त्याचे वडील म्हणाले, "बापू, तू वर चढ अन् फेक." तेव्हापासून मी फेकायचो, तो झेलायचा. तो झेलताना हात असे मागे न्यायचा, की टरबुजाला कळायचंसुद्धा नाही आपण पडलो होतो म्हणून.

मग देशात अमेरिकन फुटबॉलची लीग निघाली आणि पुण्यात निवड चाचणी होती. हा खेळ काय असतो ते दोघांनाही माहीत नव्हतं. आम्ही आपले पायाने खेळायचा फुटबॉल समजून गेलो. आधी शर्यत झाली. मी पहिला, तो दुसरा. मी तिथूनच परतीची गाडी पकडायला हवी होती. पण मग त्यांनी न सोललेल्या नारळाच्या आकाराचा एक बॉल काढला आणि लांबून फेकून झेलायला लावला. पहिला बॉल माझ्या नाकावर बसला. दुसऱ्याच्या वेळी मी नाक वाचवलं, बॉल गेला. त्याने सगळे झेलले. तो वाइड रिसीव्हर झाला, म्हणजे कडेने पळत जाऊन लांबून आलेला बॉल झेलणारा. मी सुजलेलं नाक घेऊन नांदुऱ्याला आलो आणि पुढे इथल्याच शाळेत पीटीचा मास्तर झालो.

तो काही हंगाम इथे खेळला, मग पोलंडमधल्या एका संघाने त्याला करार देऊन बोलावलं. खांद्यांवर दोन सुपं बांधल्यासारखे खेळाचे पॅड घातलेला त्याचा फोटो त्याच्या वडिलांच्या गाडीवर लागला. गिऱ्हाइकं आधी फोटो पाहायची, मग टरबूज वाजवायची. मी त्या गाडीकडून घेणं बंद केलं आणि लांबच्या गाडीवरून फिक्की टरबुजं घरी आणू लागलो.

पण त्याची एकही मॅच मी चुकवली नाही. मोबाइलवर दिसायच्या. आणि पाहता पाहता मला हिरा सापडला: त्याच्याकडे बॉल येतच नव्हता! तो जीव तोडून कडेने पळायचा, बॉल भलत्याकडेच जायचा. फार तर एकदा-दोनदा हातात यायचा. दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये चहाबरोबर ही बातमी वाटायचो. "पोलंडात नेऊन त्याले नुसतं धावडवून राह्यले. बॉल कोणी देत नाही बिचाऱ्याले." 'बिचाऱ्याले' म्हणताना जिभेवर साखर विरघळायची.

बायको एकदा म्हणाली, "तुमी त्याच्या मॅची त्याच्या मायपेक्षा जास्त पाह्यता. इतकं काय पोटात दुखते?"

"दुखत नाही. काळजी वाटते."

"मंग काळजीनं इतकं हसू काऊन येते?"

यंदा तो सुट्टीवर आला आणि मुख्याध्यापकांनी त्याला शाळेत खेळ दाखवायला बोलावलं. पोरं मैदानाच्या चारी बाजूंनी बसली. त्याने आमच्या गणिताच्या सरांना सकाळीच बॉल फेकायला शिकवलं होतं. आपल्या बाजूने झेलायला म्हणून त्याने चित्रकलेच्या सरांना घेतलं. या सरांनी आयुष्यात धावून एसटीसुद्धा पकडलेली नाही. मग विचारलं, "मले अडवायले कोण येते?"

मी शिट्टी गळ्यातून काढून ठेवली. इतकी वर्षं मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो.

"पाह्य बे," तो हसून म्हणाला, "पोरायसमोर पडशीन."

"तू पोलंडात पळतो, मी रोज याच मैदानात पळतो," मी म्हणालो. रोज मी खुर्चीवर बसून शिट्टी वाजवतो, हे पोरांना माहीत होतं. ती हसली.

गणिताच्या सरांनी बॉल उचलला आणि तो सुटला. मीही सुटलो. आणि ऐका, मी मागे पडलो नाही! खांद्याला खांदा. माझा श्वास कानात वाजत होता, पँट कुठेतरी उसवली होती, पण तो पुढे नव्हता. कंपाउंडजवळ त्याने मान वळवून आकाशाकडे पाहिलं, दोन्ही हात वर केले. आला बॉल! मी त्याच्या पुढ्यात जाऊन अशी उडी मारली की तशी लग्नाआधीही मारली नसेल.

हातात हवा आली.

मागून पोरांचा एकच गलका उठला. मला वाटलं, माझ्यासाठीच. मी हात उंचावून नमस्कार केला. मग वळलो. मैदानाच्या दुसऱ्या कडेला, जिथे बॉल नेला की गुण मिळतो त्या चुन्याच्या रेषेपलीकडे, चित्रकलेचे सर बॉल पोटाशी धरून आडवे पडले होते आणि सगळी शाळा त्यांच्याकडे धावत होती. आमच्या दोघांच्या आसपास फक्त पाण्याची टाकी होती.

"असंच असते बे," तो म्हणाला. त्याला धापसुद्धा लागली नव्हती. "याचेच पैसे देतात मले. बॉल हातात आला तर दिवाळी. बाकी वर्षभर तुह्यासारख्याले लांब घेऊन जायचं."

म्हणजे मी जेवढ्या मॅचमध्ये हसलो, तेवढ्या सगळ्यांत तो आपलं काम चोख करत होता. झेलतो म्हणून जळत होतो ते होतंच, आता झेलत नाही म्हणूनही जळणं आलं. पण एक गोष्ट अजून माझी होती. मी टाकीला टेकून विचारलं, "खरं सांग. पूर्ण जोर लावला होता का तू?"

मघाशी नसलेल्या बॉलकडे त्याने ज्या चेहऱ्यानं पाहिलं होतं, अगदी तोच चेहरा करून तो म्हणाला, "हाव बे. पूर्ण."

घरी गेल्यावर मी बायकोला तेवढंच सांगितलं.