कानाखाली मारल्याचा पुरावा

माझ्या भावाच्या लग्नात ताटवाट्यांपेक्षा राज्यघटनेच्या प्रतीच जास्त आल्या. आमच्यात आहेराची ती रीतच आहे. भाऊ रिक्षा चालवतो. टिटवाळ्याच्या घरात त्याने ती जाडजूड पुस्तकं कपाटावर ओळीने लावली आणि रविवारी त्यांच्यावरची धूळ पुसू लागला. वाचायचं काम माझं, कारण घरात शिकलेली मी. कायदा आपल्या बाजूने आहे, हे मी त्याला इतक्यांदा ऐकवलं की तो हात जोडून म्हणायचा, "ताई, कान किटले."

मागच्या वर्षी मी कोपरीहून त्याच्याकडे निघाले होते. कल्याणच्या पुढच्या ज्या स्टेशनबाहेर तो रिक्षा लावतो, तिथे उतरले तर एक हवालदार त्याच्यावर खेकसत होता. ओरडा ऐकूनच मी मोबाईलवर शूटिंग सुरू केलं.

"हटव रे गाडी!"

"साहेब, म्हातारी सीट आहे, बसू द्या ना तिला."

तेवढ्या बोलण्यावर त्याच्या डाव्या कानाखाली आवाज निघाला. मग हवालदाराला मी दिसले.

"ए बाई, शूटिंग बंद. गुन्हा आहे हा."

"कुठल्या कलमाखाली?" मी विचारलं.

"चौकीत चल, दाखवतो."

रस्त्यावर ड्युटीवरच्या पोलिसाचं चित्रीकरण करू नये, असं कुठल्याही कायद्यात नाही. पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढणं म्हणजे हेरगिरी नव्हे, असं हायकोर्टानेही म्हटलंय. हे सगळं मला तोंडपाठ होतं. चौकीत चालत जाताजाता मी व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला आणि पोलिसांना दिसू नये म्हणून माझ्या मोबाईलपुरता तो ग्रुपमधून काढला. फार हुशार समजत होते मी स्वतःला.

चौकीतले साहेब गोड बोलणारे निघाले. "मॅडम, शिकलेल्या दिसता. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लावला तर भावाची रिक्षा जमा होईल, बॅज जाईल. बघा." भाऊ कान धरून बाकावर बसला होता. "ताई, कर ना डिलीट," तो म्हणाला. मी केला. काढलेले व्हिडिओ मोबाईलमध्ये जिथे पडून राहतात, तिथूनही साहेबांनी काढायला लावला. त्यांनी मला एकही कलम दाखवलं नाही आणि मीही परत विचारलं नाही. ग्रुपवर आहे ना, मग झालं.

डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटलाय, आतली नसही दुखावलीय, या कानाने ऐकू यायची आशा धरू नका. मी वकील गाठला. तो म्हणाला, तक्रार करू, पण व्हिडिओ लागेल. तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द यात त्यांचाच वजनदार.

मी ग्रुपवर विचारलं. रोज सकाळी जिथे जय भीमच्या फुलाफुलांच्या चित्रांचा खच पडतो, तिथे संध्याकाळपर्यंत कोणी हूं की चूं केलं नाही. शेवटी एकेकाला फोन लावला. मावशी म्हणाली, "अगं, आपला धाकटा पोलीस भरतीची तयारी करतोय, कशाला विषाची परीक्षा?" काकांना पासपोर्टची चौकशी आठवली. प्रत्येकाने व्हिडिओ काढून टाकला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्या कोणाकडे तरी असेलच. मला संताप आला, आणि त्याहून जास्त, आपण सगळे असेच मरणार असं वाटलं. ते वाटणं अजून गेलेलं नाही.

काकूच तेवढी खरं बोलली. "आमच्यावर कशाला चिडतेस? तुझ्या भावानेच फोन करून सगळ्यांना काढायला लावलं."

मी तशीच टिटवाळ्याला गेले. भाऊ इमारतीखाली रिक्षा पुसत होता. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, मी त्याच्या शेजारी कडेला टेकले. का रे, असं विचारलं. त्याने फडका पिळला.

"पोरगी आईच्या मोबाईलवर कार्टून बघते, ताई. एक दिवस तिच्या हाती लागला असता. तिने विचारलं असतं, बाबा, तू गप्प का उभा राहिलास? काय सांगायचं मी?"

कपाटावरच्या त्या पुस्तकांत याचं उत्तर मला कुठे सापडलं नाही. तरी मी म्हणाले, "अरे, पण तेवढाच एक पुरावा होता आपल्याकडे."

मी त्याच्या डाव्या बाजूला बसले होते. त्याने मान वळवली आणि उजवा कान माझ्याकडे केला.

"काय म्हणालीस?"

"काही नाही," मी म्हटलं.