बेटावरचा कायदा आणि माझी सही

बिडकीनची आमची अर्धी जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, तेव्हा दादाने माझ्याकडून तेवढ्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली. बहिणीने वडिलांच्या जमिनीतला वाटा भावाला सोडायचा, भावाने साडी नेसवायची आणि दोघांनी डोळे पुसायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. मीही सही केली, वर ती साडी शाळेत मिरवली. वर्गात समान हक्काचा धडा शिकवणारी बाई मी! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

काही वर्षांनी दादाच्या डोक्यात रियुनियन शिरलं. बेट हिंदी महासागरात, पण राज्य फ्रान्सचं. "ऊस पिकतो, आंबा पिकतो, पाणी तर लई. आन् कागद फ्रान्सचा!" उरलेली जमीन विकायची, तिथं घर घ्यायचं, पोराला धंदा काढून द्यायचा, असं त्याने ठरवूनही टाकलं होतं. पण या उरलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर अजून माझं नाव होतं. म्हणजे पुन्हा सही. या वेळी मी म्हटलं, "आधी बघू तरी काय आहे ते."

जालना रोडवरच्या एका हॉटेलात तिथली घरं विकणारा सल्लागार आला होता. दादा, त्याची कॉलेजात शिकणारी मुलगी आणि मी गेलो. पडद्यावर उसाचं रान आलं तसा दादा खुर्चीतून उठलाच. ज्वालामुखी आहे, वादळं येतात, भाषा फ्रेंच, घर घेतलं म्हणून राहण्याचा परवाना मिळतोच असं नाही. सल्लागार हे सगळं घाईघाईने उरकत होता आणि दादा प्रत्येकाला "चालतंय की" म्हणत होता.

मग भाचीने विचारलं, "सर, पुढे ते घर कुणाचं होणार?"

"सगळ्या मुलांचं, सारखं. मृत्युपत्र करूनसुद्धा मुलीला वगळता येत नाही."

दादाचा चेहरा उतरला. "पोरगी सही करून देते की भावाला. आमच्याकडं तसंच असतंय."

"तिथे ते इतकं सोपं नाही, साहेब."

दादाने चहाचा कप तसाच ठेवला. ज्वालामुखीला न भ्यालेला माणूस पोटच्या पोरीच्या वाट्याला भ्याला! गाडीत बसताना म्हणाला, "असला मुलूख आपल्या काय कामाचा? उद्या जावई छातीवर येऊन बसंल." हे मुलीच्या देखत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलीला वाटा देणारा कायदा इथेही आहे. इथे फक्त तिची सही सहज मिळते.

माझ्या घरी आल्यावर त्याने पिशवीतून कागद काढला. "बेट ऱ्हाऊ दे. सही तेवढी करून टाक, बाई. जमीन इकून वाळूजकडं प्लॉट घेतो."

"नाही करणार."

"मागल्या बारीला तर केलीस."

"चुकले."

"माहेर तुटंल तुझं."

मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू? आई-वडील गेल्यावर माहेर म्हणजे हा एवढा एकच माणूस, आणि त्याने ते सहीच्या बदल्यात मांडलं होतं. मी कागद उचलला आणि भाचीच्या हातात दिला.

"वाच नीट. लग्न झालं की असाच एक तुझ्यापुढे येणार आहे."

दादाने तो तिच्या हातून हिसकावला. तोवर तिचा वाचून झाला होता.