मिस्त्रींकडे थंड, रस्त्यावर गरम

आमच्या जुन्या गाडीचा एसी मी दुरुस्त करून घेतला तो फक्त आईसाठी. मागच्या उन्हाळ्यात तिला बुलढाण्याच्या घरात, पलंगावर बसल्या जागी उष्माघात झाला होता. कूलर चालू होता, पण टाकीतलं पाणी संपलेलं, आणि तो दुपारभर नुसता गरम वारा फेकत राहिला. मी शाळेत होते, बाबा शेतावर. आम्ही आलो तेव्हा आई भिंतीशी बोलत होती. ती वाचली, पण डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, पुन्हा असं झालं तर वाचणं कठीण आहे.

यंदा भावाने तिला नाशिकला नेऊन पित्ताशयाचं ऑपरेशन करवलं. परतीचं तिकीट मिळालं ते नेमकं दुपारी बाराला मलकापूरला उतरवणाऱ्या रेल्वेचं. मे महिना, आणि तिथून घरापर्यंत तास-सव्वा तासाचा रस्ता. लग्नसराईत भाड्याची एकही बरी गाडी रिकामी नव्हती. तेव्हा सगळी भिस्त आमच्या म्हाताऱ्या गाडीवर आली.

गॅरेजच्या मिस्त्रींनी कॉम्प्रेसर बदलला, गॅस भरला. रविवारी मी बाबांना घेऊन चिखलीपर्यंत चक्कर मारली. पंधरा मिनिटं गारेगार, मग हळूहळू कोमट, मग चक्क गरम. सोमवारी गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रींनी ती भर उन्हात तासभर चालू ठेवली.

"ताई, हे तं बर्फ फेकून राह्यलं. हात लावून पाहा."

पाहिलं. बोटं गारठली. मी खजील होऊन परत आले. दोन दिवसांनी आम्ही उंद्रीला एका लग्नाला गेलो, तर गावाबाहेर पडत नाही तोच पुन्हा तेच. पुन्हा गॅरेज. या वेळी मिस्त्री स्वतः माझ्यासोबत अर्धा तास फिरले. एसी असा काही थंड चालला की मला ओढणी लपेटून घ्यावी लागली.

मी गणित शिकवते. एकाच उदाहरणाची दोन उत्तरं आली की कुणीतरी लबाडी केली असं मी धरूनच चालते. माझा राग नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी गॅरेजमधल्या चार गिऱ्हाइकांनाही कळलं. "तुम्ही जुनाच कॉम्प्रेसर धुऊन बसवला," मी मिस्त्रींना म्हणाले.

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "ताई, गाडी माह्यापाशी एक अन् तुमच्यापाशी एक, असं काऊन करून राह्यली, ते मलेही समजून नाही राह्यलं. पण माल नवा आहे."

मी गाडीची किल्ली उचलून निघाले. घरी बाबांपाशी मिस्त्रींचा सगळा उद्धार केला. बाबा अंगणात कूलरच्या ताट्या बांधत बसले होते. बाजारातल्या तयार ताट्या त्यांना चालत नाहीत. ते वाळा आणून जाळीवर पसरतात, सुतळीने आडव्या-उभ्या गाठी मारतात. मागच्या वर्षापासून तर कूलरची टाकी ते दिवसातून चार वेळा बघायचे. गाडीचंही तसंच. रोज सकाळी धुणार, बॉनेट उघडून पाणी बघणार. मी बॉनेटला कधी हात लावला नव्हता. माझा संताप त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतला आणि एवढंच म्हणाले, "तुह्या मायले घरी आणू बरोबर. तू भेऊ नको."

आईला आणायच्या दिवशी सकाळी घाट उतरताना एसी उत्तम चालला. मोताळा गेलं, मलकापूर आलं, तरी थंड. मला हायसं वाटलं. स्टेशनबाहेर सावलीत गाडी लावली आणि बाबांना म्हटलं, चला. तर ते म्हणाले, "तू जाय. मी गाडीपाशी थांबतो." तीन आठवड्यांनी बायको येतेय आणि हे गाडी राखत बसणार! मी पाय आपटत एकटीच प्लॅटफॉर्मवर गेले.

भावाने नाशिकहून बसवून दिलेली आई एकटीच उतरली, ती पार वाळली होती. तिला मागच्या सीटवर बाबांच्या शेजारी बसवलं, काचा बंद केल्या, एसी पूर्ण सोडला. गार वारा लागल्यावर तिने डोळे मिटले. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मोताळ्याच्या अलीकडे वारा कोमट झाला.

मी बटण बंद केलं, पुन्हा लावलं. दोन मिनिटं गार, पुन्हा गरम. काचा उघडल्या तर बाहेरून भट्टीची झळ आली. बाबांनी पंचा ओला करून आईच्या डोक्यावर ठेवला. आरशात तिचा चेहरा लालबुंद दिसत होता.

"वाळ्याचा वास येऊन राह्यला," ती म्हणाली.

डांबरी रस्त्यावर कुठला आलाय वाळा? मागच्या वर्षीही ती अशीच असंबद्ध बोलायला लागली होती. "आई, माझ्याशी बोल. आज वार कोणता?" मी ओरडले. ती पुन्हा म्हणाली, "ओल्या वाळ्याचा वास."

एका कडुनिंबाखाली गाडी थांबवली आणि मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी तो उचलू नये, असंच मी वागले होते. त्यांनी उचलला.

"इंजिन चालूच ठेवा. बॉनेट उघडा. एसी लावला की टक् असा आवाज येते?"

बॉनेटचा खटका शोधायलाच मला दोन मिनिटं लागली. "येतो. आणि लगेच बंद पडतो."

"म्हणजे प्रेशर वाढून राह्यलं. गॅस तापते, पण थंडा होत नाही. सगळ्यात समोर जाळी आहे, तिले हवा लागाले पाहिजे. तिच्यासमोर काही अडकलं का पाहा. पन्नी, कागद, काही."

मी वाकून पाहिलं. जाळीच्या पुढे, जाळीच्याच मापाची, वाळ्याची जाडजूड ताटी बसवली होती. निथळत होती. चारही कोपऱ्यांना सुतळीच्या गाठी, आडव्या-उभ्या.

बाबा माझ्यामागे येऊन उभे होते. "आत जाणारी हवा थंडी जावी म्हणून लावली, बाई. कूलरले लावतो तशी." सकाळी बांधली असती तर मलकापूरपर्यंत वाळली असती, म्हणून त्यांनी ती डिकीत पोत्यात आणली होती आणि मी प्लॅटफॉर्मवर असताना भिजवून बांधली होती. चिखलीला जाताना बांधली होती, उंद्रीला जाताना बांधली होती. गॅरेजला न्यायच्या दिवशी मात्र आठवणीने काढून ठेवायचे.

"काढून काऊन ठेवली?"

"मिस्त्री हसला असता."

मी गाठी ओढल्या, त्या सुटेनात. नखं तुटली. आणि मग मी ते बोलले. "एक वेळ झालं तेवढं पुरलं नाही का बाबा? तिले मारालेच निघाले काय तुम्ही?"

बाबांनी मला बाजूला केलं. खिशातून अडकित्ता काढून चारही सुतळ्या कापल्या. "त्याच दिवसासाठी तं केलं," ते म्हणाले. "त्या दिवशी कूलरची टाकी भरून जायची राहून गेली होती माह्या हातून."

हे मला माहीत नव्हतं. टाकी कुणी भरायची होती, हे वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

एसी पुन्हा थंड झाला. राजूरचा घाट चढेपर्यंत आईचा चेहरा निवला होता. बाबांच्या मांडीवर ओली ताटी होती आणि त्यांचं धोतर भिजत होतं. आईने हात लांबवून ती आपल्या पायांवर ओढून घेतली. "मी म्हणत होती ना, वाळा आहे म्हणून," ती म्हणाली.

मिस्त्रींची माफी मी दुसऱ्याच दिवशी मागितली, तीही गिऱ्हाइकांसमोर. ते हसले, चहा पाजला. बाबांसमोर मात्र मी रोज जाते आणि दुसरंच काहीतरी बोलून परत येते.

त्या दिवसापासून बाबांनी गाडीच्या बॉनेटला हात लावलेला नाही. मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं, "बाबा, पाणी पाहता का जरा?"

"तूच पाहत जाय," ते म्हणतात. "माह्या हातून राहून जाते."