मी कॅप्टनला मरू देत नव्हते

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना मला अजून राग येतो. आणि माझा राग तुम्हाला माहीत आहे. कामोठ्याला माझे गणिताचे क्लास आहेत. मी फळ्याकडे तोंड करून नुसता उसासा टाकला तरी मागे पोरं चिडीचूप होतात.

तर आमची ऋचा नोकरीला बंगळूरला गेली. फोन केला की, "हो आई, जेवले आई, ठेवू आई?" संपलं! नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोरीशी मी दीड मिनिट बोलायचं? एकदा अशी चिडले की बोलता बोलता फोनच आपटला.

दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "आई, माझं गेमचं मशीन घरीच आहे ना? त्या अंतराळाच्या पिक्चरवरचा गेम आण. माझ्याकडे इथे कॉम्प्युटरवर आहेच. तू पहिलं मिशन पार केलंस की आपण दोघी ऑनलाइन एकत्र खेळू. खेळता खेळता तासभर गप्पा! फक्त मरू नकोस हां, नाहीतर परत पहिल्यापासून."

तासभर गप्पा! मी त्याच दिवशी पनवेलच्या बाजारात नझीरभाईंच्या दुकानातून डिस्क आणली. त्या पिक्चरचे म्हणे पाच भाग आलेत. मी एकही पाहिला नव्हता. गोळ्या झाडायला स्टोरी कशाला लागते?

आणि झाडल्या हो! लाल ग्रह, हातात बंदूक, मी म्हणजे कॅप्टन. झुरळासारखे परग्रहवासी धडाधड लोळवले. शेवटी आला एक डोंगराएवढा राक्षस. त्याने कॅप्टनच्या छातीत नांगी खुपसली, पडदा लाल झाला, कॅप्टन गुडघ्यावर आला...

आणि मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

का म्हणजे? अहो, आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचे ते पिवळ्या कॅसेटचे गेम आठवतात ना? शेवटचा जीव जायला लागला की 'गेम ओव्हर' यायच्या आत बटण बंद! मग हरलो असं कोणी म्हणू शकत नसे. आमच्या अख्ख्या गल्लीचा कायदा होता तो. त्यात ऋचाने बजावलेलं, मरू नकोस.

चार दिवस! रोज क्लास सुटला की घरी येऊन मशीन चालू. नांगी आली की बटण बंद, परत चालू, परत नांगी. डावीकडून गेले, उजवीकडून गेले, दगडामागे लपले. मेला बरोब्बर छातीतच खुपसायचा! मी टीव्हीसमोर उभी राहून अशा शिव्या घातल्या की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, कोण आलंय म्हणून.

वर पोरीचा फोन नाही! आई जगली की मेली, विचारायला नको? मीही केला नाही. मी का करू?

पाचव्या दिवशी थेट नझीरभाईंच्या काउंटरवर डिस्क आपटली.

"खराब माल दिलात!"

"काय झालं ताई?"

"कॅप्टन मरतो!"

"मग?"

"मग काय मग? काही केल्या मरतो! पैसे परत द्या!"

बिचाऱ्यांनी दुकानातल्या मशीनमध्ये डिस्क घातली आणि स्वतः खेळायला लागले. राक्षस आला, नांगी आली, कॅप्टन वाकला. माझा हात आपोआप काउंटरपलीकडच्या बटणावर गेला. खट्! टीव्ही, पंखा, दिवे, सगळं दुकान गुडुप.

"या अल्ला! ताई, हे काय केलंत?"

"वाचवलं त्याला!"

दोन गिऱ्हाइकं तोंडावर रुमाल धरून हसत होती. नझीरभाईंनी परत सगळं चालू केलं आणि हात जोडले. "ताई, खुदा के वास्ते, ह्या टायमाला लांब उभ्या राहा. मरू द्या त्याला!"

मेला. पडदा काळा झाला, ढोल वाजले, मोठ्या अक्षरांत पिक्चरचं नाव आलं. मग एका यानात डॉक्टरीणबाईंनी कॅप्टनला यंत्राचं काळीज बसवलं आणि तो टुणकन उठून बसला.

"गेम तर इथून सुरू होतो, ताई. तो मेल्याशिवाय पुढे जातच नाही. पिक्चर नाही बघितलात? त्यातही पाच मिनिटांत मरतो."

चार दिवस मी गेमच्या नावापर्यंतसुद्धा पोचले नव्हते! डिस्क उचलली आणि कोणाकडेही न बघता घरी आले.

दात-ओठ खात कॅप्टनला मरू दिलं. तासाभरात मिशन पार. पडद्यावर ऋचाचं नाव उगवलं, शेजारी तिची हिरव्या कपड्यातली बाई येऊन उभी राहिली. मी हेडफोन लावला आणि आधी तोफ डागली, "चार दिवस फोन का नाही केलास?"

"मी?" पोरीचा आवाज रडवेला. "आई, तू मशीन लावलंस की मला इथे दिसतं, आई ऑनलाइन. मी ऑफिसातून धावत येऊन बसायचे. तू यायचीस आणि मी काही म्हणायच्या आत गायब! परत यायचीस, परत गायब. काल अकरा वेळा! मला वाटलं, मला बघून बंद करतेस. चिडलीस की फोन आपटतेस ना, तसंच. मग फोन करायची भीतीच वाटली."

माझी पोर तिकडे रोज संध्याकाळी बसून होती, आणि मी इकडे तिच्या तोंडावर दार लावत होते! स्वतःचाच असा संताप आला, असा संताप आला, की हातातलं ते खेळायचं यंत्र मी करकचून आवळलं.

धाड्!

"आई! अगं, मी आहे ती!"

चार दिवसांनी पोर भेटली, आणि तिसऱ्या मिनिटाला मी तिला गोळी घातली.