शबानाने मोडलेला शब्द

शबाना गेल्याचं मला कारखान्यात आमच्या लाईनवरच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. हार्ट अटॅक, एवढंच लिहिलं होतं. महिना होत आला. ते वाचून पहिल्यांदा मनात काय आलं, हे सांगायला लाज वाटते... आता जाब कुणाला विचारायचा?

आम्ही दोघी दिघीहून कंपनीच्या बसने चाकणला जायचो, गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात. सहा वर्षं एकाच सीटवर. माझं नाक बारा महिने चोंदलेलं. रात्रभर तोंडाने श्वास घेत कूस बदलायची, सकाळी उठले की शिंकांवर शिंका. सर्दीच तर आहे, म्हणून कधी मनावर घेतलं नाही. एकदा बसमध्ये तिला सांगितलं, काल मशीनवर डोळा लागला, बोट थोडक्यात वाचलं. कुणाला बोलू नकोस गं. "नाही बोलणार," ती म्हणाली, माझा हात हातात घेऊन.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने सगळ्यांसमोर मला मशीनवरून उठवून पॅकिंगला बसवलं. "शबानाने सांगितलं ते बरं झालं," म्हणाला. मी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. "तुझी बोटं गेली असती, सुनंदा. डॉक्टरला दाखव म्हणून किती वेळा सांगितलं तुला." खरं होतं ते. पण शब्द दिला होता तिने... त्या दिवसापासून मी बसमध्ये पुढे बसू लागले.

मशीन परत हवं तर डॉक्टरची चिठ्ठी आणा, असं कंपनीने सांगितलं, म्हणून चिंचवडला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, ही सर्दी नाही, धुळीची ॲलर्जी आहे. नाक बंद म्हणून झोप तुटते आणि म्हणून दिवसा डुलक्या. नाकात रोज स्प्रे, बरं वाटलं तरी मनाने बंद करायचा नाही. चादरी, अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात. तिसऱ्या आठवड्यात एकदा जाग आली तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं. हे जिला सांगावं, तिच्याशीच अबोला. पुढे मशीन परत मिळालं, अबोला तसाच राहिला.

ती गेल्यावर तिच्या घरी गेले. तिचे मिस्टर सलीमभाई गॅरेज बंद ठेवून बसले होते. "तुम्ही सुनंदा ना? लाईनवरच्या बायकांना ती सारखी विचारायची, सुनंदाला झोप लागते का. घरी येऊन मला सांगायची."

अबोल्याची दीड वर्षं सगळ्यांना विचारलं, मला सोडून. मी रडले. त्यांना वाटलं असेल, दुःखाने. मला राग आला होता... शब्द मोडलास तो मोडलास, पण हे तरी मला विचारायचंस.

"आता लागते झोप," मी म्हणाले.

"हो," सलीमभाई म्हणाले. "तिला माहीत होतं."