खारानं बुजलेले छेद

दर उन्हाळ्याआधी आमचा कूलर दुरुस्त करायला येणारे भाऊ कोणतीही वस्तू आधी पेचकसाच्या मुठीनं ठोकतात आणि मग तिला कान लावतात. पंपाला, टाकीला, एकदा तर ओट्यावरच्या टरबुजालाही. आत किती खार साचलाय ते त्यांना म्हणे ऐकू येतं.

यंदा त्यांनी स्वतःचीच छाती ठोकून दाखवली. हृदयाच्या नसांत चुना साचला होता आणि धंतोलीतल्या एका दवाखान्यात कोणीतरी सलाईनमधून औषध सोडून त्या धुऊन देणार होतं. ‘किलेशन’ हा शब्द ते चघळून चघळून म्हणत. रोजच्या गोळ्या तर त्यांनी आधीच बंद केल्या होत्या.

“तुमचे डॉक्टर काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणते का ते औषध अंगात शिसं गेलेल्यासाठी हाय. हृदयाले फायदा होईनच असं नाही, किडनी मात्र खराब होऊ शकते. पण डॉक्टरले पाइपातलं काय समजते जी? खार काढला का पाणी धो धो!”

“मग आमच्या गिझरच्या पाइपातही अ‍ॅसिड सोडा.”

“पागल झाले का?” ते ओरडले. “वीस वर्षांचा पाइप हाय! त्याचे छेद खारानंच तं बुजून राहिले. खार गेला का सारी भिंत गळन!”

मग त्यांनी पेचकसानं छाती हळूच ठोकली, मान वाकवून पाहिली, पण कान काही तिथवर पोचेना. शेवटी मोबाइल काढून त्यांनी घरी फोन लावला.

“अवं, माह्या गोळ्या फेकल्या तं नाही ना तुनं?”