भावजींचा टेप आणि माझी गरम पाण्याची पिशवी

बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. धडधाकट वस्तू दुरुस्त करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा थोरला दीर निघाला. लग्न होऊन मी वालावलहून तोंडवलीला आले तेव्हा वडिलांनी सोबत भिंतीवरचं एक घड्याळ दिलं होतं. पूजेचा प्रसाद वाटून होतो न होतो तोच भावजींनी ते पाटावर उघडून ठेवलं. "काय झालं त्याला?" मी नवी नवरी, हळूच विचारलं. "काय जावक नाय, म्हणानच उघडलंय," भावजी म्हणाले, "वस्तू बिघडाची वाट बघूक नये." ते घड्याळ पुढेही चालत राहिलं, हे मी नाकारत नाही, फक्त टोले ते स्वतःच्या मर्जीने देऊ लागलं. आम्ही दुपारी जेवायला बसलो की ते नऊ वाजवायचं आणि भावजी मान डोलवायचे. जोडून झाल्यावर पाटावर थोडे स्क्रू उरले होते, त्यांच्याकडे मी बोट दाखवलं तर म्हणाले, "कंपनीवाले जास्तीचेच घालतत." असे कंपनीवाल्यांनी जास्तीचे घातलेले स्क्रू आमच्या घरात एका बरणीत भरून ठेवलेले होते. मिक्सर, स्टोव्ह, विहिरीवरचा पंप, सगळ्यांनी त्या बरणीला आपापली वर्गणी दिली होती.

दुरुस्तीची भावजींची रीत म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पंप पाणी ओढेना तर हे वायरी सोडणार, दिवा लागेना तर पंप उघडणार. लग्न झालं नाही त्यालाही हेच कारण. सासूबाई सांगायच्या की मुलगी बघायला गेले असताना यांनी तिच्या वडिलांच्या मनगटावरचं घड्याळ "जरा बघूक" म्हणून मागून घेतलं. कांदेपोहे संपले तरी ते मिटेना. शेवटी मुलीच्या बापाने घड्याळाचे तुकडे रुमालात बांधून घेतले आणि नकार तिथल्या तिथे दिला. भावजींना मुलगी कशी होती ते आठवत नव्हतं. घड्याळ मात्र चांगलं आठवत होतं.

यांच्यात देवाने एकच गोष्ट न बिघडलेली दिली होती, ती म्हणजे आवाज. रापणीचं मोठं जाळं ओढताना किनाऱ्यावर उभे राहून ते होडीतल्या माणसांना हाका द्यायचे, आणि त्या होडीपर्यंत पोचायच्या. अडचण इतकीच, की घरात चहा मागतानाही ते होडीलाच सांगितल्यासारखं सांगत. माझे कान किटले होते. पण गावात या आवाजाला मान होता, कारण जत्रेच्या दिवशी देवीपुढे गाऱ्हाणं घालण्याचा हक्क आमच्या घरातल्या थोरल्या पुरुषाचा. त्याने एकेक मागणं मोठ्याने मागायचं आणि सगळ्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. थोरल्याला जमलं नाही तर तो मान भाऊबंदांच्या वरच्या घराकडे जायचा. थोरला जिवंत असताना धाकट्याने, म्हणजे आमच्या ह्यांनी, तोंड उघडायचं नाही. वरच्या घराशी आमचं एका फणसावरून पूर्वापार बोलणं बंद होतं. तिथले आबा वर्षानुवर्षं जत्रेला धुवट टोपी घालून सगळ्यांच्या पुढे उभे राहत, आणि भावजींना ठसका लागतो का याकडे कान लावून असत.

बंदरावरचे इस्माईलभाई हे भावजींचे जिवलग. ९८ साली ते मस्कतहून कायमचे परत आले, तेव्हा त्यांनी आपला जुना टेप भावजींना दिला. खांद्याला अडकवायच्या पट्ट्याचा, जाडसर पोथीएवढा, आणि आवाज भरून घ्यायला लाल बटण असलेला. तो तिकडेच म्हातारा झाला होता, पण चालत होता. चालत होता म्हणजे भावजींनी तो त्याच संध्याकाळी उघडला. आतला रबरी पट्टा त्यांच्या हातून तुटला, आणि मग घरातल्या रबराच्या वस्तूंवर संक्रांत आली. ह्यांच्या लेंग्याचं इलॅस्टिक गेलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गेला, आणि शेवटी माझी कंबर शेकायची गरम पाण्याची पिशवी गेली. तिच्या गळ्याची गोल, कड्यासारखी चकती कापून भावजींनी टेपात बसवली. मी आदळआपट केली तर मला म्हणतात, "तुझी कंबार बरी होयत गो, टेप बरो जावक व्हयो." तेव्हापासून मी पाठीला वीट तापवून लावत आले आणि त्या पिशवीचा उद्धार रोज एकदा तरी करत आले.

टेप चालू झाल्यावर माणूस काय भरून घेईल? नाटक, भजन, पाखरांचे आवाज. भावजींनी स्वतःचं गाऱ्हाणं भरून घेतलं. पडवीत एकटे उभे राहून, समोर टेप ठेवून, जत्रेचं अख्खं गाऱ्हाणं, प्रत्येक मागण्यानंतर गावाला "व्हय म्हाराजा" म्हणायला जागा सोडून. आणि मग रोज जेवणाआधी ते लावायचे आणि स्वतःच्याच गाऱ्हाण्याला स्वतःच हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचे. स्वतःवर इतका खूश माणूस मी दुसरा पाहिला नाही. टेप लागला की मी मागीलदारी निघून जायचे, त्यामुळे त्या कॅसेटवर सुरुवातीच्या दोन ओळींपुढे काय आहे, हे मी कधी ऐकलंच नाही. यथावकाश यांना वाटलं की टेप आणखी बरा वाजू शकेल. त्यांनी तो उघडला, डोक्यावर खोबरेल तेल घातलं, म्हणजे टेपाच्या डोक्यावर, ज्याला हेड म्हणतात त्यावर, आणि मग तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुटा सुटा होऊन पडला तो पडलाच.

पुढे एका पावसाळ्यात भावजींचा घसा बसला. साधा बसला असेल म्हणून आम्ही काढे दिले, पण तो उठेना. गोव्याला नेलं, घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली, माणूस वाचवला, पण आवाज गेला. बोलायला गेले की पंक्चर चाकातून निघते तशी नुसती हवा. घरात शांतता झाली. इतकी वर्षं मी जिच्यासाठी देवापुढे वात लावत होते ती ही शांतता, आणि ती मला दोन दिवस नीट सोसवली नाही. चहा हवा असला की ते भांड्यावर चमचा वाजवत. जत्रा जवळ आली होती. आबांनी परटाकडे टोपी दिल्याची बातमी आमच्यापर्यंत आली, आणि त्या रात्री भावजी जेवले नाहीत. मान गेला तर परत यायचा नाही, हे लहान मुलालाही कळत होतं. सकाळी बघते तो भावजी पडवीत बसलेले, समोर बिस्किटांचा डबा, आणि हातात ती कॅसेट. देवीला आवाज हवा होता, आणि तो त्यांच्याकडे होता, फक्त पेटीत बंद होता.

आमच्या ह्यांनी शहाणपण करून इस्माईलभाईंच्या घरच्या नव्या टेपावर आधी ती कॅसेट लावून पाहिली. आतून एक बारीक, घाईघाईचा आवाज आला, शाळेत कविता म्हणणाऱ्या पोरीचा यावा तसा. आम्ही हसलो. भावजी हसले नाहीत. मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा हार मानली आणि डबा मालवणच्या दुकानात पाठवला. दुकानदाराने जुना पट्टा टाकून दिला, नवा बरोबर मापाचा घातला आणि टेप उत्तम करून दिला. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात एक वस्तू बरोबर चालू लागली, आणि तिच्यातूनही तीच पोरगी बोलली! भावजींनी टेप बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. घशाच्या ऑपरेशनला जाताना या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

मला रागच आला. त्यांचा नव्हे, त्या पोरीचा. इतकी वर्षं ज्या आवाजाने माझे कान किटवले तो असा चिमणीसारखा होता असं उद्या गाव म्हणणार, आणि मी ऐकून घेणार? आणि मग लख्ख आठवलं. हे भरलं तेव्हा टेपात माझी पिशवी होती! जाड, सैल चकती. तिच्यावर टेप रडत रडत चालायचा. संथ टेपावर भरलेलं संथ टेपावरच खरं वाजणार. म्हणजे आता हा चांगला झालेला टेप नीट, शास्त्रशुद्ध, होता तसा बिघडवायला हवा होता. आणि काखेत कळसा, गावाला वळसा म्हणतात तसं, उरलेली पिशवी आमच्याच माळ्यावर धूळ खात होती, कारण आमच्या घरात काही टाकत नाहीत. मी ती उतरवली, कात्री घेतली आणि भावजींच्या पुढ्यात बसले.

चकत्या मी कापत होते, बसवत ते होते. एक बसवली की कॅसेटच्या पहिल्या दोन ओळी लावायच्या, कॅसेट झिजू नये म्हणून पुढे जायचं नाही. ते माझ्याकडे बघायचे. स्वतःचा आवाज कसा होता हे स्वतःला कुठे माहीत असतं? ते मला माहीत होतं. "नाय, अजून जाड व्हयो," मी म्हणायचे. पुढच्या चकतीला मान वळवून विचारायचे, तर मी म्हणायचे, "ह्यो दशावतारातलो राक्षस झालो. तुमचो आवाज इतको बरो कधी नव्हतो, भावजी." ते बिनआवाजाचे हसायचे, खांदे हलायचे. आणि मग एका चकतीला पडवीतून तो आवाज निघाला, थेट होडीपर्यंत पोचणारा. सासूबाई आतून धावत आल्या. "भावजी, ह्योच!" मी म्हटलं, आणि पदराने डोळे पुसले.

जत्रेच्या दिवशी देवळासमोर सगळा गाव. आबा टोपीसकट पुढे. टेप बघून त्यांचा पारा चढला. "देवीक मशिनीचा गाऱ्हाणा? उद्या नैवेद्य पण फोटोतलो दाखवा!" गुरव म्हातारा, शांत माणूस. तो म्हणाला, "आवाज कोणाचो? हेंचो. हे खंय आसत? समोर. मगे होवंदे." भावजींनी टेप पायरीवर ठेवला, बटण दाबलं आणि हात जोडले.

"बा देवी म्हाराजा, आज तुझी लेकरा तुझ्या दारात उभी आसत, तेंची सेवा मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"जे कोण दर्यात जातीत, तेंका सुखरूप घराक हाड!"

"व्हय म्हाराजा!"

"जे कोण वाकडा चिंतीत आसतीत, तेंका सरळ कर!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आबा गप्प होते. गाव रंगात आला होता. आणि तेवढ्यात टेपातून, तितक्याच ठणठणीत आवाजात, एक बाई ओरडली, "भावजी, पुरे आता, भात निवता!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव हात जोडून म्हणाला.

ती बाई मी होते. गाऱ्हाणं भरून घेताना मी स्वयंपाकघरातून ओरडले होते आणि माझं ओरडणं इतकी वर्षं त्या कॅसेटवर जपून राहिलं होतं. बायकांमध्ये हशा पिकला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. टेप आणखी एक मागणं पुढे गेला, आणि माझ्या पिशवीची जुनी, वाळलेली चकती तटकन तुटली. शेवटचं मागणं राहिलं होतं. आबा एक पाऊल पुढे आले.

भावजींनी टेपाकडे पाहिलंही नाही. देवीकडे तोंड करून त्यांनी ते शेवटचं मागणं स्वतः मागितलं. ओठ हलले, हवा निघाली, शब्द काही आला नाही. मग सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या आबांनी टोपी नीट केली आणि ते खच्चून ओरडले, "व्हय म्हाराजा!" मागून सगळा गाव. नंतर ते भावजींच्या जवळ जाऊन म्हणाले, "तुझ्या त्या डब्यापेक्षा तुझा तोंड बरा." फणसानंतर दोन घरांत झालेलं ते पहिलं बोलणं.

म्हणजे माझी पिशवी दोनदा फुकट गेली. पुढची वर्षं भावजींनी नुसते ओठ हलवून गाऱ्हाणं घातलं, आणि कुठे "व्हय म्हाराजा" म्हणायचं ते गावाला पाठ होतं. टेप त्यांनी पुन्हा उघडला, अर्थातच. तो उघडा असतानाच ते गेले, झोपेत, कोणाला हाक न मारता. डबा तसाच माळ्यावर आहे.

आता थोरले आमचे हे. यंदा, २०१० च्या जत्रेत, ह्यांनी पहिल्यांदा गाऱ्हाणं घातलं, माईकवर, स्वच्छ, बँकेत हिशेब सांगावा तसं. "वाकडा चिंतीत आसतीत" झालं, गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला, आणि कोणी पुढे जाईना. सगळे बायकांच्या बाजूला बघत होते. आबा आता काठी टेकतात. ते वळून मला म्हणाले, "वयनी, बोला मगे. भात र्‍हवलो."

बायका देवीपुढे गाऱ्हाणं घालत नाहीत. पण मी होडीपर्यंत पोचेल असं ओरडले, "भावजी, पुरे आता, भात निवता!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

घरी आलो तर भात खरंच निवला होता. मला भावजी फार आठवले. आम्ही तो तसाच जेवलो, आणि भिंतीवरच्या घड्याळाने नऊ टोले दिले.